विषय: पेट्रोलियम इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा का?

नमस्कार मंडळी,
लेक बारावीत आहे. टेक्सस ए अँड एम आणि यूटी ऑस्टिन, या दोन्ही विद्यापीठांत अर्ज करतेय. तिला पेट्रोलियमच हवंय, घरात मात्र दोन तट पडलेत. शिकवतात काय आणि पुढे नोकरीचं काय, हे कोणी नेमकं सांगेल का?
– शुगरलँडहून

उत्तर:
ताई,
आधी प्रवेशाचं. ए अँड एममध्ये पहिल्या वर्षी सगळे जनरल इंजिनिअरिंगला असतात, शाखा नंतर गुणांवर मिळते. ऑस्टिनला शाखा अर्जातच लिहावी लागते.

पहिली दोन वर्षं गणित, फिजिक्स, थर्मो (उष्णतेचं शास्त्र), फ्लुइड्स (द्रव-वायूंचं शास्त्र). मेकॅनिकलपेक्षा फार वेगळं काही नाही. खरा विषय त्यानंतर सुरू होतो: वेल लॉगिंग (विहिरीत उपकरणं सोडून खडकाची मोजमापं घेणं), ड्रिलिंग, रिझर्व्हॉयर (तेल-वायू साठवणारा खडकाचा थर), प्रॉडक्शन. सूत्रं सोपी असतात, पोरं घसरतात ती कुठला आकडा घालायचा यावर. विहिरीतल्या मडचा, म्हणजे खोदताना आत भरलेल्या जड चिखलपाण्याचा, दाब घ्या: ०.०५२ गुणिले मडचं वजन (पौंड प्रति गॅलन) गुणिले खोली (फूट). १० पौंडी मड आणि १०,००० फूट खोली म्हणजे ५,२०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). पण विहीर खाली जाऊन आडवी वळली असेल, तर पाइपची लांबी २०,००० फूट भरते. तोच आकडा घातला की उत्तर येतं १०,४००. दाब उभ्या खोलीचाच असतो, त्यामुळे हे उत्तर साफ दुप्पट. दाब भरपूर आहे असं समजून मड हलका ठेवला, तर खडकातला गॅस विहिरीत शिरतो. याला किक म्हणतात, आणि ती वेळेत आवरली नाही तर ब्लोआउट, म्हणजे तेल-वायू बेफाम उसळून बाहेर येतो. उलट मड फार जड झाला तर खडकच फुटतो आणि मड आत गडप होतो. लेकीला असल्या हिशेबात गोडी वाटत असेल तर खुशाल घेऊ दे.
– केटीहून

उत्तर:
ताई, वरचं सगळं पटलं, पण दादांनी तेलाच्या भावाचा विषय टाळला! जून २०१४ मध्ये ब्रेंट (जागतिक भावाचं मानक तेल) पिंपाला ११० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. २० एप्रिल २०२० ला तर डब्ल्यूटीआयचा (अमेरिकी मानक तेलाचा) मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ वर बंद झाला. भाव चढले की वर्ग भरतात आणि चार वर्षांनी डिग्री हातात येते तेव्हा भरती बंद. म्हणून आजचा भाव बघून हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. अमेरिकी कामगार खात्याच्या आकडेवारीत मे २०२३ चा पेट्रोलियम इंजिनिअरांचा मध्यक पगार १,३५,६९० डॉलर होता, पण तो नोकरीत टिकलेल्यांचा. घरी बसलेले त्यात नसतात.

माझं मत: मेकॅनिकल किंवा केमिकल घ्यावं आणि जोडीला पेट्रोलियमचे विषय. ड्रिलिंग, प्रॉडक्शन, फॅसिलिटीज (विहिरीबाहेरची यंत्रसामग्री) इथे मेकॅनिकलवाले सर्रास घेतात, आणि तेल बसलं तर दुसरीकडे वळता येतं. रिझर्व्हॉयरचंच काम करायचं असेल तर मात्र पेट्रोलियमची डिग्रीच बरी.
– पेअरलँडहून

उत्तर:
पेट्रोलियमवाल्यालाही वळता येतं की. कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवायचा तर साधारण ८०० मीटरच्या खाली न्यावा लागतो, तिथल्या दाबाला आणि तापमानाला तो दाट होतो आणि कमी जागेत मावतो. तो कुठल्या थरात किती मावेल, वरचा थर गळेल का, हे रिझर्व्हॉयरचंच गणित. युटामध्ये फोर्ज प्रकल्पात भू-औष्णिक ऊर्जेसाठी ग्रॅनाइटमध्ये तिरक्या विहिरी खोदल्या, त्यातलं बरंच तंत्र तेलवाल्यांचंच. नोकऱ्या अजून थोड्या आहेत, हे खरं.

ताई, एक महत्त्वाचं राहिलं. लेक एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर तिला पगारी इंटर्नशिप करता येणार नाही, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागेल. बदलाच्या अर्जाला महिनोन्‌महिने लागतात, आणि २१ वर्षं पूर्ण झाल्यावर एच-४ तसाही संपतो. एफ-१ वर डिग्रीनंतर १२ महिने आणि स्टेमचे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या शाखांना मिळणारे) आणखी २४ महिने काम करता येतं. पण काही कंपन्या पुढे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) करत नाहीत, तेव्हा मुलाखतीआधीच विचारून घ्यावं. पुढच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप सप्टेंबरच्या करिअर फेअरमध्येच ठरते, म्हणून दुसऱ्या वर्षाचं कॉलेज उघडायच्या आत रेझ्युमे तयार हवा.
– केटीहूनच, पण दुसरा