मॉन्टसेराटवर ब्रिटनने अजून किती वर्षं पैसे ओतायचे?

खारवारा:
कॅरिबियनमधल्या, ब्रिटनच्याच ताब्यातल्या या बेटावर ब्रिटन जो खर्च करतं त्याला लोक 'मदत' म्हणतात तेच मला पटत नाही. जुलै 1995 मध्ये सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला, दोन वर्षांत राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, विमानतळ गेला, दोन तृतीयांश लोक बेट सोडून गेले. सगळं बेट मिळून 102 चौ.किमी., त्यातला दक्षिणेचा अर्ध्याहून जास्त भाग आजही बंद, आणि उरलेली पाचेक हजारांच्या आतली माणसं उत्तरेच्या टोकाला. कागदावर राजधानी अजून प्लिमथच, कारभार उत्तरेतल्या ब्रेड्स गावातून. गव्हर्नर लंडनहून नेमला जातो ना, मग खर्चाची वेळ आली की हात वर का करायचे?

लंडनची मेधा:
मी इथे टॅक्स भरते म्हणून बोलते. बेटाच्या बजेटचा निम्म्याहून जास्त पैसा इथून जातो. 2002 पासून तिथल्या लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व आहे, इथे येऊन राहू शकतात, काम करू शकतात. 2005 ला नवा विमानतळ झाला पण धावपट्टी जेमतेम 600 मीटर, छोटी विमानंच उतरतात, मग टुरिझम वाढणार कसा? पैसा माणसांवर खर्च करा, बेटावर नको.

खारवारा:
मेधाताई, हा सूर 1997 मध्येही होता. बेटाने जास्त पैसे मागितले तेव्हा ब्रिटनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट म्हणाल्या होत्या की आता हे सोन्याचे हत्ती मागतील. त्याच्या दोनच महिने आधी, 25 जूनला, तापलेल्या राखेच्या लोटात 19 माणसं गेली होती. बंद भागात ती गेलीच का, तर चांगली शेतजमीन तिकडेच, उत्तरेत कसायला जमीन मिळाली नव्हती आणि पिकं काढणीला आलेली. नंतर मृत्यूंच्या कारणांची कोर्टात चौकशी (इन्क्वेस्ट) झाली, तिथे ज्युरीने यातल्या काही मृत्यूंचा दोष सरकारलाही दिला, उत्तरेत शेतीला जमीन दिली नाही म्हणून. तेव्हा माणसांवर खर्च करायचा तर त्यांच्या जमिनीवर करावाच लागतो.

नकाशावेडा:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. ज्वालामुखीने नासधूस केली तशी कमाईही दिली, तीच राख-वाळू प्लिमथच्या जेट्टीवरून बोटीत भरून शेजारच्या बेटांवर बांधकामाला जाते. 2013 मध्ये जिओथर्मलसाठी, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज करायला, दोन विहिरी खोदल्या, खाली उष्णता सापडली, तरी वीज अजून मुख्यतः डिझेलवर, तेही बाहेरून आणलेल्या. खारवारा, जबाबदारी म्हणता ते ठीक, पण प्रीमियर, म्हणजे बेटाच्या सरकारचा प्रमुख, बेटावरचे लोक निवडतात आणि पैशाची चावी लंडनकडे, मग काम रखडलं की जाब कोणाला विचारायचा?

लंडनची मेधा:
अगदी हेच माझं म्हणणं आहे. शेजारचे डॉमिनिका आणि सेंट किट्स स्वतंत्र झाले, पासपोर्ट विकून का होईना तिजोरी भरतात, निर्णय स्वतः घेतात. 1997 च्या मृत्यूंबद्दल तुमचं खरं आहे, तो दोष मी नाकारत नाही, पण त्याची भरपाई म्हणून कायमचं परावलंबन हे काही मला मान्य नाही.

खारवारा:
पाच हजार लोकांच्या स्वतंत्र देशाने पुढचा उद्रेक कोणाच्या जिवावर निभवायचा? आधी त्या विहिरींवर वीज सुरू करा, बंदर नीट बांधून द्या, मग स्वातंत्र्याचं बेटावरच्यांनाच विचारा.