श्रीखंडाचे डबे, द्राक्षांच्या पेट्या आणि इलेक्ट्रॉनिक्सचा छंद : अनुभव धागा

घरी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करणाऱ्यांना दोन अडचणी कायम भेडसावतात : सुटे भाग कशात ठेवायचे आणि तयार झालेले सर्किट कशात बसवायचे. बाजारातला तयार खोका पुष्कळदा आतल्या सर्किटपेक्षाही महाग पडतो, आणि त्याच वेळी श्रीखंडाचे, बिस्किटांचे, औषधांचे चांगले मजबूत डबे आपल्याच घरातून घंटागाडीत जातात. नाशिक आणि परिसरातील मंडळींनी अशा वेष्टनांचा काय उपयोग केला, हे त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. एवढे मात्र आवर्जून सांगतो की, डबा कोणत्या पदार्थाचा होता आणि तो पदार्थ पाऊस, ऊन, उष्णता यांत कसा टिकला, याचा उल्लेख जरूर करावा, कारण पुढच्या माणसाला खरा उपयोग त्याचाच होतो.

सुरुवात माझ्यापासून करतो. गच्चीवरील पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारे सर्किट मी श्रीखंडाच्या डब्यात बसवले आहे. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल, तर तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो. हे प्लॅस्टिक वाकते पण सहसा तडकत नाही, पाणी शोषत नाही आणि सोल्डरिंगच्या (धातू वितळवून जोड करण्याच्या) टेबलावरची किरकोळ उष्णताही सोसते. मात्र त्यावर फेविक्विकसारखा कोणताही नेहमीचा डिंक नीट धरत नाही. म्हणून बोर्ड चिकटवण्याच्या फंदात न पडता तो लहान स्क्रू, वायसर आणि नट लावूनच बसवावा. भोक पाडताना आतून लाकडाचा ठोकळा धरावा, आधी बारीक बिट चालवावे आणि नंतर भोक मोठे करावे. तापलेल्या सोल्डरिंग गनने भोक पाडणे सोपे वाटते, परंतु कडा वेड्यावाकड्या होतात आणि धूर नाकात जातो. डबा झाकण खाली करून टांगला आणि वायर खालूनच आत घेतली, तर पाणी शिरण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. वायरला डब्याच्या आधी एक झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते.

सातपूर, निवृत्त कारखाना कामगार

माझा भर पत्र्याच्या डब्यांवर आहे. दिवाळीत भेट म्हणून येणारे बिस्किटांचे डबे मी ऑडिओ प्रीअँप्लिफायरसाठी, म्हणजे आवाजाचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटसाठी, वापरतो. उघड्या सर्किटमध्ये घरातल्या वायरिंगमुळे येणारी ५० हर्ट्‌झची गुणगुण पत्र्याचा डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडला की बरीच कमी होते. येथे एक बारकावा आहे. डब्याला आतून लाखेसारखा पारदर्शक लेप असतो, त्यामुळे वायसर नुसता कसून भागत नाही. त्या जागेवरचा लेप पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करावा लागतो. झाकणालाही तोच लेप असल्याने झाकण आणि डबा यांच्यात विद्युत संपर्क होतोच असे नाही, म्हणून मी झाकणाला वेगळी लवचिक वायर जोडतो आणि मल्टिमीटरने तपासूनच पुढे जातो. ट्रान्सफॉर्मर मात्र त्याच डब्यात ठेवू नये, कारण त्याचे चुंबकीय क्षेत्र इतक्या पातळ पत्र्याने पुरेसे अडत नाही. त्याला दूर ठेवणे हाच उपाय.

पातळ पत्र्यात ड्रिल बिट अडकते आणि पत्रा हातातून फिरतो. त्यासाठी पत्रा लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये दाबून धरावा आणि भोक पडल्यावर कानस फिरवून बूर, म्हणजे भोकाच्या कडेची धारदार कुसळे, काढावी. ज्यांचे सर्किट वायफायवर चालते, त्यांनी पत्र्याच्या वाटेला जाऊ नये. ईएसपी-३२ सारख्या बोर्डाचा अँटेना बंद पत्र्याच्या आत ठेवला, तर सिग्नल बाहेर पोहोचणे कठीण होते.

पिंपळगाव बसवंत, द्राक्ष बागायतदार

आमच्याकडे हंगामात पुठ्ठ्याच्या पेट्या आणि अर्धा किलोच्या पारदर्शक पनेट (द्राक्षे भरण्याच्या प्लॅस्टिकच्या डब्या) उरतात, आणि मुलाच्या छंदाला त्या फार उपयोगी पडतात. पेटीचा पुठ्ठा दणकट असतो, आत पनेट ओळीने बसतात आणि झाकण न उघडताही आतला भाग दिसतो. पण निर्यातीच्या पेटीत आम्ही जो कागद ठेवतो, ज्याला ग्रेप गार्ड म्हणतात, तो आधी काढून टाकला पाहिजे. त्यात सोडियम मेटाबायसल्फाईट असते. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि मण्यांवरची बुरशी रोखली जाते. हाच वायू दमट हवेत तांब्याला आणि इतर धातूंना खातो. अशा पेटीत ठेवलेल्या उघड्या तांब्याच्या तारा काळपट पडतात, आणि मग त्यांवर सोल्डर धरत नाही. म्हणून कागद काढून पेटी उन्हात उघडी ठेवावी, पनेट धुऊन पूर्ण वाळवाव्यात, आणि गंधकाचा वास राहिला असेल तर ती पेटी केवळ अवजारांसाठी वापरावी. पनेट पीईटी (PET) या प्लॅस्टिकची असते. साधारण ७० ते ८० अंशांना ती मऊ पडते, त्यामुळे गरम होणारे सर्किट किंवा उन्हात तापणारी गाडी ही तिची जागा नाही.

खरा उपयोग मात्र बागेत झाला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला तर डाऊनी हा रोग वेलीवर येतो, आणि हवेतला ओलावा किती वेळ टिकतो हे कळले तर फवारणीचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही. मुलाने डीएचटी-२२ हा तापमान व आर्द्रता मोजणारा सेन्सर बागेत लावायचे ठरवले. सेन्सरवर थेट ऊन पडले तर तो हवेऐवजी स्वतःच्या तापलेल्या अंगाचे तापमान सांगतो, त्यामुळे त्याला सावली हवी आणि वाराही हवा. आम्ही श्रीखंडाचे सारख्या मापाचे पांढरे डबे घेतले, ते पालथे घालून एकावर एक रचले, वरचा डबा अखंड ठेवला आणि खालच्या डब्यांचे तळ सेन्सर मावेल इतके गोल कापले. दोन डब्यांमध्ये बोटभर फट राहावी म्हणून जुन्या पेनांच्या नळ्यांचे तुकडे आट्यांच्या सळईत ओवले. बाहेरून पांढरा रंग दिला, जेणेकरून ऊन परत फेकले जावे. आतून काळा दिला, कारण जमिनीवरून वर येणारा उजेड आत उसळ्या मारत सेन्सरपर्यंत जाऊ नये. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने ठिसूळ होते, तेव्हा दर हंगामाआधी डबे दाबून पाहावेत आणि कुरकुरीत झालेले बदलावेत; रंगामुळे त्यांचे आयुष्य वाढते.

नाशिकरोड, विज्ञान शिक्षिका

काड्यापेट्या एकमेकींना चिकटवून केलेली खणांची पेटी आमच्या वर्गात रेझिस्टरसाठी वापरली जाते. प्रत्येक खणावर मुलांनी त्या किमतीचे रंगीत पट्टे रंगवले आहेत; तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार ओहम हे पाठ करावे लागत नाही, रोज पाहून लक्षात राहते. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांना ही व्यवस्था पुरते. मॉसफेट आणि सीमॉस आयसी हे स्थिर विद्युतच्या झटक्याने बिघडणारे भाग मात्र मी तेथे ठेवत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते आणि थर्माकोल किंवा साधे प्लॅस्टिक हाताळताना स्थिर विद्युत सहज साठते. संगणकाचे भाग ज्या चंदेरी पिशवीत येतात, ती पिशवी या कामासाठी जपून ठेवावी. थर्माकोलमध्ये आयसी खोचायचाच असेल, तर त्यावर आधी ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावी, म्हणजे सर्व पाय एकमेकांना जोडले जातात.

इंदिरानगर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

मी औषधांच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या वापरतो, आणि पावसाळ्यात प्रत्येकीत बुटांच्या खोक्यातून मिळणारी सिलिका जेलची पुडी टाकतो. पुडी कायम चालत नाही. दाणे ओलावा धरून भरले की ते पुडीतून काढून ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवावे लागतात. पुडीसकट तापवल्यास तिचे आवरण वितळू शकते. निळे दाणे गुलाबी झाले की भरले हे कळते, परंतु निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराईड असते, तेव्हा ते लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. सातपूरच्या काकांच्या लिखाणाला एक पुरवणी जोडतो : पत्र्याच्या डब्यात लिथियमचे सुटे सेल ठेवू नयेत. दोन्ही टोके पत्र्याला टेकली तर शॉर्ट होऊन सेल पेट घेऊ शकतो. टोकांवर चिकटपट्टी लावून प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या वेगळ्या डबीत ठेवावा.

पंचवटी, गृहिणी

सर्किट करतात ते आमचे यजमान आणि नातू, पण डबे माझ्या स्वयंपाकघरातून जातात, म्हणून मीही लिहिते. ६०-४० म्हणून मिळणाऱ्या सोल्डरच्या तारेत ४० टक्के शिसे असते, हे नातवाने सांगितल्यापासून आमच्याकडे एक नियम आहे. जो डबा एकदा त्यांच्या टेबलावर गेला, तो पुन्हा खाण्यासाठी येत नाही, कितीही स्वच्छ घासला तरी नाही. झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे, लाल ऑइल पेंटची फुली मारली जाते, कारण झाकणे आपापसांत बदलतात. श्रीखंडाच्या आणि चिवड्याच्या डब्यांवरची जुनी चित्रेही आम्ही पूर्ण काढतो. घरात लहान मूल असेल, तर श्रीखंडाचे चित्र असलेल्या डब्यात सेल आणि स्क्रू ठेवणे योग्य नाही. चिठ्ठीचा चिकट भाग निघत नसेल, तर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवावे आणि मग साबणाने धुवावे. तेल राहिले तर वर नवी चिठ्ठी टिकत नाही.

अंबड, इलेक्ट्रिशियन

वरचे सगळे उपाय ५ किंवा १२ व्होल्टपर्यंत ठीक आहेत. २३० व्होल्ट ज्यात येतात असे काहीही पुठ्ठ्यात, थर्माकोलमध्ये किंवा खाऊच्या पातळ प्लॅस्टिकमध्ये बसवू नये. सैल जोड तापला की हे पदार्थ पेटतात. रिले (कमी व्होल्टने मेनचे उपकरण चालू-बंद करणारा स्विच) वापरायचा असेल, तर मेनची, म्हणजे २३० व्होल्टची, बाजू आयएसआय चिन्हाच्या स्विचबोर्डाच्या खोक्यात ठेवावी आणि खाऊच्या डब्यात केवळ कमी व्होल्टचे सर्किट ठेवून दोन वायरी तिकडे न्याव्यात. पत्र्याच्या डब्यात मेन घेणाऱ्याने तीन पिनांचीच वायर घ्यावी, तिसरी, म्हणजे अर्थिंगची, वायर घासलेल्या पत्र्यावर नट-बोल्टने कसावी, आणि वायर आत येते तेथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) बसवावे, कारण कापलेल्या पत्र्याची कड इन्सुलेशन हळूहळू कापत जाते.