हापूस फोनवरून थेट विकावा की वाशीलाच पाठवावा?

देवगडची बागायतदार
ज्यांची शंभर-दीडशे कलमं आहेत अशा लहान बागायतदारांनी निदान काही आंबा फोनवरून थेट गिऱ्हाइकाला विकायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. वाशीच्या घाऊक मार्केटला दलालाकडे पेटी गेली की तिचं काय झालं ते पट्टी, म्हणजे त्याच्या हिशोबाची चिठ्ठी, हातात आल्यावरच कळतं. फळ कुणी खाल्लं, गोड लागलं का, पुढच्या वर्षी त्याला पुन्हा हवंय का, काही पत्ता लागत नाही. त्यात कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकणारे आहेतच. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हे थांबलेलं नाही. म्हणून तर देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की आंबा देवगडचाच आहे का याची खात्री गिऱ्हाइकाला करून घेता येते.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात वजनाप्रमाणे डझनाचे भाव लावून ठेवता येतात, आज कुठल्या आढीतला (गवतात पिकत घातलेला) माल निघतोय ते स्टेटसला टाकता येतं, पैसे यूपीआयने लगेच येतात. एवढं असताना आपण पट्टीची वाट बघत का बसायचं?

मिठबावकर
ताई, तुम्ही पट्टीचं सांगितलंत, उचलीचं नाही सांगितलंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फवारणी, राखणदारांचा पगार, खोकी या सगळ्याला पैसा लागतो. तो दलाल आधी देतो. व्हॉट्सअ‍ॅप देतं का?

दुसरं, फोनवरच्या गिऱ्हाइकाला अडीचशे ग्रॅमच्या वरचं, एकसारखं, डाग नसलेलं फळच हवं असतं. झाडावर तसं सगळंच नसतं. बारीक फळ, डागी फळ कुठे घालू? दलालाला चांगला माल दिला नाही तर तो बारीक मालाला विचारत नाही, मग सगळं कॅनिंगवाल्याला किलोवर द्यायचं. माझ्या आजोबांपासून दलालाचा एकच गाळा आहे. तिथे एका फोनवर अख्खा टेम्पो खाली होतो. तुमच्याकडे एकेक डझनासाठी वीस मेसेज. ऐन काढणीत बागेत उभं राहायचं की "दादा, कमी नाही का होणार" याला उत्तरं देत बसायचं?

कोथरूडचा_गिऱ्हाईक
मी विकत घेणाऱ्यांपैकी आहे आणि मला हे मेसेज नको आहेत. मार्च लागला की अनोळखी नंबरांवरून आंब्याच्या जाहिराती सुरू होतात. मी कुणालाही नंबर दिलेला नाही, तो सोसायटीच्या ग्रुपमधून उचललेला असतो. मी सरळ ब्लॉक करतो आणि रिपोर्टही करतो. शिवाय आगाऊ पैसे घेऊन आंबा न पाठवणारेही भेटलेत. तेव्हापासून मी मंडईत जाऊन, वास घेऊन, हाताने निवडूनच आंबा घेतो.

देवगडची बागायतदार
कोथरूडच्या दादांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ग्रुपमधून नंबर उचलणाऱ्यांचा मलाही राग आहे. बऱ्याच जणांनी रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होतो, ऐन हंगामात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ही अट मला विक्रेत्याच्याच भल्याची वाटते. ज्याने स्वतःहून "पुढच्या वर्षी कळवा" म्हटलं त्यालाच कळवायचं. खोक्यात नंबराची चिठ्ठी टाकायची, बाकी निवड त्याची. ठोक एसएमएसच्या वाटेला तर जाऊच नये. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनी त्याला मजकुरासकट नोंदणी लागते आणि लोक ते उघडतही नाहीत.

खरा फायदा विकल्यानंतर दिसतो. साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही, मंडईत वास घेऊनही नाही. माझं गिऱ्हाईक कापलेल्या फळाचा फोटो पाठवतं, मी पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालते. पेटी पोचल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवू नका, गवतातच राहू द्या, साल सुरकुतली तरी घाबरू नका, हे मी आवाजी मेसेजने सांगते. आंबा पिकवताना बिघडवतात आणि नाव आपलं जातं. हे दलाल सांगणार आहे का?

सोलापूर_भुसार
माझं किराणा-भुसाराचं दुकान आहे. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पोरगा माल पोचवतो, माझा धंदा टिकला तो यामुळेच. फक्त एक सांगतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही काही तास बंद पडले होते. गिऱ्हाइकांची नावं-नंबर वहीत उतरवून ठेवा. फोन हरवला तर यादीही हरवते.

मिठबावकर
साक्याचं पटलं. पण उचलीचं उत्तर अजून आलं नाही.

देवगडची बागायतदार
त्याला माझं उत्तर बुकिंग. जुनं, ओळखीचं गिऱ्हाईक अर्धे पैसे आधी देतं आणि त्यावर व्याजही नसतं. बारीक फळाचंही तसंच. रसासाठी म्हणून स्पष्ट सांगून, फोटो दाखवून कमी भावात दिलं की पुण्या-मुंबईत घेणारे आहेत. फसवून मोठ्यांत घुसडलं तरच भांडण होतं.

मिठबावकर
फेब्रुवारीत बुकिंग घ्यायचं आणि थ्रिप्स किडीने मोहोर जाळला, नाहीतर अवकाळी आला, तर? दलालाची उचल पुढच्या वर्षावर ढकलता येते. गिऱ्हाइकाचे पैसे तोवर खतात गेलेले असतात.

देवगडची बागायतदार
म्हणून मी मोहोरावर कधीच बुकिंग घेत नाही. कैरी अंड्याएवढी झाली की घेते, तेही अंदाजाच्या निम्म्या फळांचंच. तोवरच्या फवारण्यांचा खर्च मात्र आपल्यालाच उभा करावा लागतो, तिथे तुमचं म्हणणं खरं आहे. मी त्यासाठी गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज घेते. सगळी बाग एकदम दलालाकडून काढून घ्या असं मी सांगत नाही. पण उचल घेतली म्हणून प्रत्येक पेटी त्याच गाळ्यावर गेली पाहिजे, ही अट मात्र यंदा त्यांच्याशी बोलून बदलून बघा.