पुण्यात आत्यासाठी सीनियर लिव्हिंग बघतेय, तिला स्वतःची शेगडी हवीय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची ही दुसरी की तिसरी वेळ. जरा लांबण लागणारे, आधीच सांगून ठेवते.

माझी आत्या, वय ७९. लग्न केलं नाही, अनुदानित शाळेत ३४ वर्षं गणित शिकवून रिटायर झाली. सदाशिव पेठेत एका वाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, आजोबांपासूनची भाड्याची जागा. जिना लाकडी आणि अंधारा, संडास गॅलरीच्या टोकाला. डायबेटिस आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं, ते स्वतःच टोचून घेते. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं नको म्हणते. डोकं मात्र एकदम तल्लख, माझ्या मुलाला दहावीचं बीजगणित फोनवरून शिकवते आणि तो माझ्याकडून शिकत नाही पण तिच्याकडून शिकतो.

तर झालंय काय की वाडा रीडेव्हलपमेंटला चाललाय. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, म्हणजे आपण पाच धरायची. तोपर्यंत महिना २० हजार भाडं देणारे. बाकीचे भाडेकरू आसपास फ्लॅट शोधतायत, आत्यासाठीही तेच करू असं चाललं होतं, पण जूनमध्ये ती पहाटे शुगर खाली जाऊन मोरीत पडली आणि दोन अडीच तास तशीच पडून होती. दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली बघून समोरच्या काकूंनी कडी वाजवली म्हणून कळलं. फ्रॅक्चर नाही, नशीब. पण वाडा रिकामा झाला की समोरच्या काकू पण जाणार ना. भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅच लावलं की आत कोण पडलंय कोणाला पत्ता लागणारे.

मी डोंबिवलीत. वन बीएचके, आम्ही चौघं आणि सासूबाई. तरी म्हटलं ये. तर म्हणाली, अगं तुझ्या घरात मी कुठे बसू हे सुद्धा मला तुला विचारावं लागेल. काय बोलणार, खरंच आहे.

वृद्धाश्रमाचा विषय तिनेच काढला, मी नाही. शाळेत असताना ती दिवाळीत मुलांना घेऊन नव्या पेठेत निवाराला जायची, त्यामुळे तिला त्या शब्दाचं काही वाटत नाही. वाटलं ते नातेवाईकांना. काका, चुलतभाऊ सगळे "आम्ही काय मेलोय का" म्हणाले. मग आमच्याकडे ये असं मात्र एकही जण म्हणाला नाही, हे मी आपलं मोजलं.

आत्तापर्यंत तीन जागा बघितल्या. नावं मुद्दाम देत नाही.

पहिली म्हणजे ज्येष्ठांसाठीचे फ्लॅट, भाड्याने मिळतात. छोटं स्वतःचं स्वयंपाकघर, खाली डायनिंग हॉल, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, पलंगाजवळ आणि बाथरूममध्ये बेल. भाडं मेंटेनन्स धरून २८ हजार, जेवणाचे ८ वेगळे. आत्या तिथे खूश होती, तिथल्या एका काकांशी सुडोकूवरून भांडली सुद्धा. पण मॅनेजरने स्पष्टच सांगितलं की नर्सिंग आमच्याकडे नाही, गरज पडली तर तुमची बाई ठेवा, आणि अंथरुणाला खिळल्या तर "नातेवाईकांनी निर्णय घ्यावा". बाई ठेवायची म्हणजे १२ तासांचे २० हजाराच्या आसपास सांगतायत सगळे.

दुसरी असिस्टेड लिव्हिंगवाली. बंगल्याचं केलेलं, दोघींत एक खोली, २४ तास नर्स, इन्सुलिन तेच देणार, सगळं मिळून ४२ हजार आणि डिपॉझिट ३ लाख. डायपर, फिजिओ वेगळे. पण शेगडी नाही, इंडक्शन नाही, साधी किटली पण नाही. चहा सकाळी ७ आणि दुपारी ४. आत्याने विचारलं, मी साडेपाचला उठते, सातपर्यंत काय करू? त्या मॅडम म्हणाल्या, आजी, आता आराम करायचा. बाहेर जायचं तर आधी माझा फोन येणार परवानगीला, म्हणजे ७९ वर्षांच्या बाईला लक्ष्मी रोडला जायचं का हे मी डोंबिवलीतून ठरवायचं! बाहेर पडताना आत्या म्हणाली, छान आहे, स्वच्छ आहे. नापास मुलाच्या आईबापांशी बोलायचा तिचा आवाज मला माहितीये, तोच होता.

तिसरी एका ट्रस्टची, २५ हजारात होईल, पण वेटिंग. आणि फॉर्मवर दोन "जबाबदार व्यक्ती" हव्यात, त्यातली एक पुण्यात राहणारी. पहिली मी. पुण्यातला चुलतभाऊ सही करायला तयार नाही, म्हणतो सही केली की सगळं माझ्याच गळ्यात. ज्याला मूलबाळ नाही त्याने काय करायचं हो? फॉर्मवर सरळ "मुलगा/मुलगी" छापलंय, ते खोडून मी भाची लिहिलं.

पैशाचं म्हणाल तर पेन्शन ४१ हजार, एफडी २२ लाखांच्या आसपास, बिल्डरचं भाडं वेगळं. म्हणजे आज जमतं. पण महिन्याचा आकडा ६० च्या वर गेला आणि ती नव्वदीपर्यंत जगली (जगू दे), तर?

माझं मन दुसऱ्या जागेकडे, तिचं पहिल्या. मी पडायच्या भीतीने ठरवतेय आणि ती चहाच्या. कोणी असं कोणाला ठेवलंय का, किंवा स्वतः राहताय का? जागा बघताना काय विचारायचं राहून जातं? आणि ते सहीचं काय करायचं?

– मोरपंखी_डोंबिवली

पेन्शनर_अप्पा:
मी ७४, बायको गेल्यावर अशाच ठिकाणी राहतोय, तीन वर्षं झाली. नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल. एक करा, न सांगता सोमवारी रात्री जेवायला जा. बघायला येणाऱ्यांना सगळे रविवारी दुपारचं दाखवतात, तेव्हा श्रीखंड असतं. सोमवारी रात्री उरलेल्या भाताचं काय करतात ते बघा. दुसरं म्हणजे मॅनेजर नसताना तिथल्या दोन म्हातारबाबांना बाजूला घेऊन विचारा की गेल्या वर्षी इथून कोण कोण सोडून गेलं आणि का. आम्ही बोलतो, आम्हाला दुसरं काम काय आहे.
आणि रात्री बेल वाजवली तर कोण येतं? आमच्याकडे आधी वॉचमन यायचा. बाथरूममध्ये पडलेल्या बाईकडे वॉचमन येऊन काय उपयोग. आम्ही भांडून रात्रीची मावशी ठेवायला लावली.
किटली नाही तिथे मी पण राहणार नाही. आत्याबाईंना नमस्कार सांगा.

कडीकोयंडा:
वाड्याचं आधी बघा बाकी नंतर. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार रजिस्टर होऊन हातात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, बिल्डर कितीही गोड बोलला तरी. करारात कार्पेट एरिया, मजला, भाडं कधीपर्यंत मिळणार आणि उशीर झाला तर पुढे काय हे हवंच. लिफ्टचं लिहून घ्या.
कागदांचं. लोक पॉवर ऑफ ॲटर्नी करून निर्धास्त होतात, पण देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की साधी पॉवर ऑफ ॲटर्नी संपते, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हा नसते. म्हणून बँकेचं खातं आत्ताच जॉइंट करा, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघींपैकी कोणीही एकटीने चालवू शकेल असं. मृत्युपत्र करून घ्या. आणि लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्यता दिली तेव्हा मॅजिस्ट्रेटकडे जावं लागायचं, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्यात आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं घालता येतात, आणि ती मुलगा मुलगीच हवीत असं नाही.
घर किंवा पैसा आत्ताच कोणाच्या नावावर बक्षीसपत्राने करू नका. "आम्ही मेलोय का"वाले तेव्हा बरोबर उगवतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळायच्या अटीवर दिलेलं परत मागता येतं, पण ट्रिब्युनलला खेटे कोण घालणार. उलट त्याच कायद्यात मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याला मिळणार आहे त्या नातेवाईकावर पोटगीची जबाबदारी येते. चुलतभावाला सहज सांगून बघा, जेवताना.

मेथीकूट:
मी नर्स आहे, २२ वर्षं. तुम्ही सगळे जागेवर बोलताय पण मला त्या पहाटेचं आधी ऐकायचंय. रात्री किती वाजता जेवतात, किती जेवतात, रात्रीचा डोस कोणी आणि कधी ठरवलेला? या वयात शुगर अगदी काटेकोर ठेवायच्या नादात पहाटे खाली जाणं खूप बघितलंय. ऑपरेशननंतर खाणं कमी झालं आणि डोस तोच राहिला असं होतं. आधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या, तुम्ही कमी करू नका, डॉक्टरांनाच करू दे. दंडावर लावायचा सेन्सर मिळतो, साधारण १४ दिवस चालतो, काहींमध्ये शुगर उतरली की फोन वाजतो, तो अलार्म तुमच्या फोनवर पण येऊ शकतो. स्वस्त नाही, पण २४ तासांच्या बाईपेक्षा खूपच स्वस्त. उशाशी ग्लुकोज पावडर.
शुगरचं नीट बसलं तर पहिली जागा आजच्या घडीला पुरेल असं मला वाटतं. जी बाई स्वतः इन्सुलिन घेते, सुडोकू सोडवते तिच्या हातातून सुई काढून घेऊ नका, सहा महिन्यांत हात थरथरायला लागतात हो. बघितलंय म्हणून सांगते.

टेपपट्टी:
महारेराने (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम काढलेत, दारं किमान ९०० मिमी, बाथरूममध्ये दांडे, न घसरणाऱ्या फरश्या, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट. जुन्या जागांना लागू असो नसो, खिशात टेप घेऊन जा आणि बाथरूमचं दार मोजा. मी मोजलं होतं. ब्रोशरमध्ये व्हीलचेअरवरच्या हसऱ्या आजी, आणि दार २६ इंच.
७० च्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, काढलं नसेल तर काढा. जागेच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल ते घेतं हे विचारून ठेवा.

मोरपंखी_डोंबिवली:
सगळ्यांना खूप धन्यवाद, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं.
अपडेट देते. मेथीकूट, तुमचं अगदी बरोबर निघालं, डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला आणि झोपायच्या आधी दूध सांगितलं. ऑपरेशनच्या आधीचाच डोस चालू होता! सेन्सर लावलाय, फोन माझा वाजतो, दोन रात्री वाजला नाही तरी मी उठून बघितलं.
पहिल्या जागेत १५ दिवस राहून बघायचं ठरलंय, पैसे भरलेत. अप्पा, सोमवारी रात्री गेले होते, पिठलं भाकरी होती, बरी होती. रात्री बेलवर कोण येतं विचारलं तर मॅनेजर जरा गप्प झाला, मग म्हणाला बघतो. ते मी लिहून मागितलंय. अंथरुणाला खिळल्यावरचं पण मागितलंय, किती दिवसांची मुदत देणार ते तरी सांगा म्हटलं. टेपपट्टी, दार ३४ इंच. म्हणजे ९०० मिमीला थोडं कमीच, पण खुर्ची जाते, नेऊन बघितली.
काका अजून बोलत नाहीयेत.
आणि सहीचं. पहिल्या जागेतही पुण्यातली एक जबाबदार व्यक्ती लागतेच. मी चुलतभावाला परत फोन करायचा म्हणून बसले होते, तर आत्याने फॉर्म घेऊन तो रकाना स्वतःच भरला. तिचा एक जुना विद्यार्थी, १९८८ च्या दहावीचा, कोथरूडला राहतो, गुरुपौर्णिमेला न चुकता येतो. त्याला फोन करून विचारलं, तो पाच मिनिटांत हो म्हणाला. नातं या रकान्यात तिने लिहिलंय, "गणितात दोनदा नापास". मॅनेजर म्हणतोय हे चालणार नाही, रक्ताचं नातं हवं. असा काही नियम खरंच असतो का, की हा आपला यांच्या फॉर्मचाच हट्ट? कडीकोयंडा, तुम्ही सांगू शकाल का? सोमवारी फॉर्म द्यायचाय.