मेघबीजनाचे आकडे गावापर्यंत कसे न्यावेत?

प्रश्न:
२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात मेघबीजनाचा, म्हणजे ढगांत क्षारांचे कण सोडून पाऊस वाढवण्याचा, प्रयोग केला, २७६ ढगांचा अभ्यास केला आणि बीजन केलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात पावसात सरासरी सुमारे १८ टक्के वाढ नोंदवली. आमच्या मंगळवेढ्याकडच्या पारावर मात्र याची कुणालाच कल्पना नाही. हे लोकांपुढे कसे मांडावे?

उत्तर १:
सरकारी खर्चाने जमवलेली माहिती खुली असावी, हे २०१२ च्या राष्ट्रीय धोरणातच आहे आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर न मागताच माहिती प्रसिद्ध करायला सांगते. तरीही एका कार्यालयाकडून मला मिळालेला पावसाचा तक्ता तिरका स्कॅन केलेला होता. त्यात ३ कुठला आणि ८ कुठला, हे भिंगाखाली धरूनही कळेना. आकडे संगणकाला वाचता येतील असेच मागा.

उत्तर २:
माझ्या मते सुरुवात विहिरीपासून करावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते. आपल्या शिवारातल्या विहिरीचा आलेख ग्रामसभेत लावला, की शेतकरी स्वतःहून ढगांविषयी विचारू लागतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. येत्या ग्रामसभेत विहिरीचाच आलेख लावतो.