किडनी ट्रान्सप्लांट: डॉक्टरांचे शोधनिबंध मोजायचे की वाचायचे?

शनिवारपेठी
धाकट्या भावाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आई किडनी देणार आहे. पुण्यातल्या दोन डॉक्टरांना दाखवून झालं. परवा चुलतभावानं मोबाइलवर पबमेड, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची, उघडलं. एकांच्या नावावर 240 निबंध, दुसऱ्यांच्या 19. "यात आता विचार काय करायचाय?" म्हणाला.

मला विचार करावासा वाटतो. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. बढत्या जवळ आल्या की निबंधांसाठी कशी पळापळ होते, ते काउंटरमागून पाहिलंय. रविवारी बसून त्या 240 मधले 60 उघडले. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचं नाव बारा-चौदा नावांच्या मधोमध, म्हणजे मुख्य लेखक दुसरेच. पेशंटवर पाच वर्षं लक्ष ठेवून लिहिलेले निबंध फक्त तीन. बाकी बरेचसे एकेका केसची हकिगत.

संख्या बघून डॉक्टर ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटिश सर्जन रॉय काल्न यांनी 1978 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सायक्लोस्पोरिनबद्दल, म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाबद्दल, लिहिलं, त्यात पेशंट होते 7. त्या औषधानं पुढे सगळं ट्रान्सप्लांट बदललं.

मुळाकाठ
ताई, मी असहमत आहे. मी नेफ्रॉलॉजी (किडनीविकार) विभागात पेशंटचा डेटा सांभाळते. लिहिणाऱ्या डॉक्टरला हिशेब ठेवावाच लागतो: किती किडन्या चालल्या, किती रिजेक्ट झाल्या (शरीरानं नाकारल्या), कोण फॉलोअपला यायचं थांबलं. न लिहिणाऱ्याकडे ही वही असेलच असं नाही.

अमेरिकन ट्रान्सप्लांट सर्जन थॉमस स्टार्झल यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक निबंध आहेत. त्यांनाही लोक 'किती लिहितो हा माणूस' म्हणत असतील. पण 1963 मध्ये डेन्व्हरहून त्यांनी लिहिलं, की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनच्या जोडीला प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलं तर रिजेक्शन परतवता येतं. तुमच्या भावाला ट्रान्सप्लांटनंतर बहुधा त्याच जातीची स्टेरॉइडची गोळी मिळेल. ते छापलं नसतं तर डेन्व्हरबाहेर कुणाला कळलं असतं?

आणि केसची हकिगत कमी लेखू नका. दुर्मिळ गुंतागुंत पुढच्या डॉक्टरला तिथूनच कळते.

सिंहगडरोड
माझी किडनी बहिणीची, 2011 मध्ये बसवली. सकाळी नऊ, रात्री नऊ, रिजेक्शन रोखणारी टॅक्रोलिमसची गोळी. तेव्हापासून वेळ चुकवली नाही. डायलिसिससाठी हातावर रक्तवाहिन्या जोडून केलेला जुना फिस्टुला अजून बोटाखाली थरथरतो. माझ्या डॉक्टरांचे निबंध किती, मी कधी पाहिलं नाही. रक्तातली औषधाची लेव्हल वाढली तेव्हा त्यांनी रात्री साडेअकराला फोन उचलला. मला तेवढं पुरलं.

मुळाकाठ
दादा, फोन उचलणं मोलाचंच. पण तुमचा अनुभव एका माणसाचा आहे. ताईंना शंभर जणांचं काय झालं ते हवंय, आणि ते लिहिलेलं असल्याशिवाय दिसणार कुठून?

कर्वेनगरचा
मोजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2019 मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधल्या प्रत्यारोपणांवरच्या 445 निबंधांची तपासणी छापून आली. 85,477 प्रत्यारोपणं. अवयव मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे होते की नाही, हे 92 टक्क्यांहून अधिक निबंधांनी सांगितलंच नव्हतं. हे सगळे कुणाच्या ना कुणाच्या नावावर जमा होते. किडनी कुठून आली हे न सांगणारा निबंध माझ्या लेखी शून्य.

मुळाकाठ
मान्य. फक्त एवढं ध्यानात घ्या, की हे उघडकीला आलं तेही छापलेले निबंध कुणीतरी एकेक करून वाचले म्हणून.

शनिवारपेठी
वाचले म्हणून, मोजले म्हणून नव्हे. मी तेच म्हणतेय.

पण तुमची वहीची गोष्ट मला पटली. काल रात्री ते 19 पुन्हा काढले. एकात पाच वर्षांचा हिशेब आहे, आणि फॉलोअपला न आलेल्यांचा आकडाही वेगळा दिलाय. 240 वाल्यांच्या त्या तिन्ही निबंधांत तो सापडला नाही. तरी एवढ्यावरून ठरवणार नाही.

सोमवारी एकांची ओपीडी आहे, गुरुवारी दुसऱ्यांची. दोघांनाही विचारणार आहे: तुमच्याकडे आईनं मुलाला दिलेल्या किडन्या पाच वर्षांनी किती चालू होत्या? आणि त्या आया कशा आहेत? आमची आई 61 वर्षांची आहे. एकाही डॉक्टरांच्या निबंधाच्या शीर्षकात देणाऱ्या आईचा उल्लेख मला अजून दिसलेला नाही.