दोन कुत्री, दोन तऱ्हा: तुमच्या घरात कसं जमतंय?

आमच्याकडं लाली आणि बंड्या. दोघंही गावठी, दोघंही उचलून आणलेली. साम्य तिथंच संपलं. लाली 2019 च्या कोल्हापूरच्या महापुरात आंबेवाडीकडनं आली. पोरांनी बोटीतनं माणसं काढताना तिलाही घेतलं, आणि पाणी उतरल्यावर तिला न्यायला कुणी आलं नाही. बंड्या रंकाळा तलावावर भेळेच्या गाड्यांमागं वाढलेला. अनोळखी माणूस हा प्रकारच त्याला माहीत नाही. कुरिअरवाला आला की बंड्या त्याच्या पायात आणि लाली कॉटखाली. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसते. पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला पोचल्याचं टीव्हीच्या आधी लालीकडनं कळतं, असं आई म्हणते. (आई जरा वाढवून सांगते.)

त्यांचं एकमेकांत बरं चाललंय, पंचाईत आमची होते. फिरायला नेलं की एक भिंत धरून चालते आणि दुसरा दिसेल त्याला रामराम घालत सुटतो. तुमच्याकडं अशी विजोड जोडी असेल तर लिहा. जेवण, फिरणं, पाहुणे, डॉल्बी, काहीही. "प्रेम दिलं की सगळं जमतं" एवढं सोडून.
(शिवाजी पेठ)

राजारामपुरी:
आमची भांडणं सगळी ताटावरची. थोरली एकेक घास चघळत बसणार. धाकटा स्वतःचं दोन मिनिटांत संपवून तिच्या वाडग्याकडं बघत उभा. ती गुरगुरली की आमचे हे तिलाच दटावायचे. ते आधी बंद केलं, कारण गुरगुरणं म्हणजे ती तोंडानं सांगतेय, दातानं नाही. सांगायचंच बंद झालं तर पुढं थेट चावा. आता ती स्वयंपाकघरात, तो पुढच्या खोलीत, मधलं दार बंद. खाऊन झालं की दोन्ही वाडगी उचलून वर.
दुसरा विषय सासूबाई. रविवारी मटण शिजलं की "पांढऱ्या रश्श्यातलं एक हाडूक दिलं तर काय बिघडतंय?" हा प्रश्न ठरलेला. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या कपच्या आतड्यात टोचतात. शिवाय कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांना पटलं, मी सांगत होते तेव्हा नाही. आता मसाला पडायच्या आधी दोघांच्या वाटणीचे बिनहाडाचे तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून बाजूला काढतात. धाकट्याला दोन जास्त जातात, ते मी बघूनही बघत नाही.

कागलजवळून:
आमची दोन्ही उसाच्या फडातली. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, ऊसतोडीची टोळी गावाला गेली आणि त्यांच्या मोडलेल्या कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, ही दोन पिल्लं राहिली. एक कारवानी (शिकारी कुत्र्याची जात) वळणाचं, नुसते पाय आणि बरगड्या. दुसरं बसकं, रांजणाच्या सावलीतनं उठायचं नाव नाही. कारवानी कुत्रं वासापेक्षा नजरेवर पळतं. लांब काही हललं की सुटलं, मग हाका मारून उपयोग शून्य. त्याला मोकळा सोडायचा तो कुंपणाच्या आतच. पहाटे त्याला एकट्याला दमवून आणतो आणि मग बसक्याला बांधापर्यंत. दोघांना एका वेळी न्यायचं खूळ सोडून द्या भावा, एकाचं फिरणं होतं आणि दुसऱ्याची फरफट.

मंगळवार पेठ:
रोज भांडतात. रोज एकाच पोत्यावर झोपतात. आम्ही लक्ष देणं सोडलंय.

कसबा बावडा:
एक वेगळा सूर लावतो. "पहिलं भित्रं आहे ना, मग दुसरं आणा, बघून शिकेल" असं आम्हाला चार जणांनी सांगितलं. शिकलं, पण उलटं. नवीन धीट कुत्रं भित्र्याचं बघून गेटवर भुंकायला लागलं. आता दोन भुंकतात. दुसरं आणायचं तर त्याच्यासाठी आणा, पहिल्याचं औषध म्हणून नको.
आणि नर-मादी असतील तर एक ध्यानात ठेवा. नराची नसबंदी झाली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून निर्धास्त, असं नसतं. त्यानंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं राहू शकतात. तोवर मादी वेगळी.

शाहूपुरी:
डॉल्बीचं लिहा म्हणालात म्हणून. विसर्जनाला आमचा एक गॅलरीत जाऊन मिरवणूक बघतो, शेपूट ठेक्यावर. दुसरी न्हाणीघरात. तिला ओढून बाहेर काढत नाही. तिथंच गोधडी टाकतो, दार अर्धं उघडं, आतल्या खोलीचा पंखा मोठा. "भ्यायलेल्या कुत्र्याला कुरवाळलं की ते जास्त भितं" असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. जवळ आली तर घ्या, नाही आली तर राहू द्या. फिरवून आणायचं ते दुपारीच, मंडळं निघायच्या आधी, आणि पट्ट्यावर फोन नंबर हवाच. भ्यालेलं कुत्रं पळालं की स्वतःच्या गल्लीतसुद्धा ओळख देत नाही.
धीटाचा त्रास वेगळा. कुणाच्याही मागं जातो, कुठल्याही कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावतो. त्यामुळं त्याच्याच अंगावर गोचिडी जास्त आणि चावेही त्यालाच. रेबीजची लस दोघांनाही दरवर्षी देतो, पण तारीख चुकू नये म्हणून धाकधूक असते ती त्याच्यासाठी.

शिवाजी पेठ:
कागलकर, पटलं. उद्यापासून लालीला पहाटे, रस्ता रिकामा असताना. बंड्याला संध्याकाळी रंकाळ्यावर, त्याच्या गोतावळ्यात. शाहूपुरीकर, लसीला दोघांना एकदम नेता का? आमची लाली दवाखान्याच्या पायरीवरच आडवी होते.

शाहूपुरी:
एकदम नको. तिला एकटीला, आणि आधी नुसतंच घेऊन जा. सुई नाही, तपासणी नाही. बाकावर बसायचं, खाऊ द्यायचा, परत यायचं. डॉक्टरांना विचारून गर्दी नसलेली वेळ घ्या. बंड्याला काय, कधीही न्या.